दोन रेघा आल्या, पण गर्भ नळीत निघाला

कातरवेळ

हा धागा मी वर्षभर पुढे ढकलतेय. काल ऑफिसातली एक मुलगी डबा खाताना सहज बोलून गेली, "पाळी चुकली होती, आत्ता नकोच होतं, मेडिकलमधून गर्भ पाडायच्या गोळ्यांचं किट आणलं नि घेतलं. सोनोग्राफीत कशाला पैसे घालवायचे?" तिचं सगळं ठीक झालंय. माझा घास मात्र हातातच राहिला. म्हणून आज लिहायला बसले.

माझं झालं ते असं. मागच्या श्रावणात पाळी आठवडाभर लांबली. आम्ही प्रयत्नातच होतो, फॉलिक ॲसिडची गोळी तीन महिने आधीपासून सुरू होती. घरी टेस्ट केली. दोन रेघा, त्यातली एक जरा फिकट. नवऱ्याने ती पट्टी खिडकीपाशी नेऊन तीनदा बघितली. माझ्या आईला लगेच फोन झाला, सासूबाईंना तिसरा महिना संपल्यावर सांगू असं ठरलं.

पाचव्या दिवशी तपकिरी डाग. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ओटीपोटात उजवीकडे शिवणीची सुई राहून गेल्यासारखं काहीतरी. जवळचे डॉक्टर म्हणाले, गॅस असेल, सुरुवातीला थोडं अंगावरून जातंच. यात खोटं काही नाही. माझ्या चुलतबहिणीला दोन आठवडे डाग जात होते, तिचा मुलगा आता दुसरीत आहे. पण मला ती एका बाजूची सुई काही स्वस्थ बसू देईना.

सोनोग्राफी सेंटरवर फॉर्म एफ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीआधी कायद्याने लागणारा) भरला, आधार कार्ड दिलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अभिनंदन हं." आतून सोनोग्राफी केली. डॉक्टर आधी माझ्याशी गणपतीच्या सुट्टीबद्दल बोलत होत्या. मग बोलायच्या थांबल्या आणि प्रोब उजवीकडे वळवून तिथेच फिरवत राहिल्या. पिशवी रिकामी. उजव्या बीजकोशाशेजारी, तिथून पिशवीकडे जाणाऱ्या नळीत, २.१ सेंटीमीटरची गाठ. ठोके नाहीत. पोटात रक्त साठलेलं नाही.

मग बीटा एचसीजीचा, म्हणजे दिवस राहिल्यावर रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकाच्या तपासणीचा, फेरा सुरू झाला. ते आकडे मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेत, अजून तिथेच आहेत. पहिला १२४०. ४८ तासांनी १५१०. वाढला म्हणून मी खूश, तर डॉक्टरांचा चेहरा उतरलेला. नीट वाढणाऱ्या गर्भात दोन दिवसांत हा आकडा निदान दीडपट व्हायला हवा, असं त्यांनी सांगितलं. माझा जेमतेम पाव हिस्सा वाढला होता.

गाठ लहान, ठोके नाहीत, आकडा फार मोठा नाही, मी धडधाकट. म्हणून ऑपरेशनऐवजी इंजेक्शन ठरलं, मेथोट्रेक्झेट. नवरा चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेला, तर काउंटरवरच्या काकांनी आवाज खाली आणून विचारलं, "कॅन्सर कोणाला?" तो बाहेर येऊन गाडीत दहा मिनिटं बसून राहिला. कुणीतरी त्याला आधी सांगायला हवं होतं की हे औषध कॅन्सरमध्ये वापरतात, संधिवातात आणि सोरायसिसमध्येही वापरतात, आणि इथे बहुतेकदा एकच डोस असतो.

इंजेक्शनचा दिवस पहिला. चौथ्या दिवशी आकडा १८९०. मी रडून घेतलं, पण चौथ्या दिवशी तो चढलेला दिसू शकतो म्हणे. चौथ्या आणि सातव्या दिवसातला फरक महत्त्वाचा, निदान १५ टक्के घट हवी. सातव्या दिवशी १४२०. मग दर आठवड्याला ७८०, २६०, ६०, ४. हाताच्या खोबणीत सुया टोचून हिरवंनिळं झालेलं. पाचव्या दिवशी रात्री इतकं दुखलं की गाडी काढून हॉस्पिटल गाठलं. पुन्हा सोनोग्राफी, रक्त नाही, घरी परत. औषध काम करायला लागलं की असं दुखतं म्हणे. पण "औषधाचंच दुखतंय" असं घरी बसून स्वतः ठरवू नका. माझं ते सोनोग्राफीने ठरवलं.

फॉलिक ॲसिड बंद, दारू बंद (ती नव्हतीच), ब्रुफेनसारख्या गोळ्या बंद, भर उन्हात फिरणं बंद, शरीरसंबंध बंद. आणि पुढचे तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. फॉलिक ॲसिडची बाटली मी कचऱ्यात टाकली. नंतर वाटलं, तिचा काय दोष.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर फारच बरं.

आळूवडी

कातरवेळ, तुझ्याजवळ येऊन बसावंसं वाटलं. एक विचारते, राग मानू नकोस. ठोके असते, तर गर्भ नळीतून काढून पिशवीत ठेवता आला असता का? माझ्या नणंदेला ही शंका अजून खाते. तिच्या वेळी ठोके दिसले होते आणि "जिवंत होतं ना" हे तिच्या डोक्यातून जात नाही.

स्टेथो_आणि_चहा

ओपीडी संपवून लिहितोय, तुकड्यातुकड्यांत येईल.

आळूवडी, आधी तुमच्या नणंदेसाठी. नाही. नळीत रुजलेला गर्भ उचलून पिशवीत लावण्याची कुठलीही पद्धत आजच्या वैद्यकाकडे नाही. वार नळीच्या भिंतीत घुसलेली असते, ती सोडवली की संपली. ठोके दिसणं म्हणजे गर्भ वाढतोय आणि नळी फुटण्याचा धोकाही वाढतोय. तिने काही मारलं नाही. तिने स्वतःचा जीव वाचवला, हे तिला हव्या तितक्या वेळा सांगा.

आता मुळातलं. बीज आणि शुक्राणू भेटतात ते पिशवीत नव्हे, नळीतच. त्यामुळे प्रत्येक गर्भ पहिले तीनचार दिवस नळीतच असतो. नळीच्या आत बारीक केसांसारख्या लव असतात, त्या आणि नळीचं आकुंचन मिळून त्याला पिशवीकडे ढकलतात. ही वाट खराब झाली की गर्भ वाटेतच रुजतो. १०० गरोदरपणांत असं एक ते दोन वेळा होतं. त्यातले ९० टक्क्यांहून जास्त नळीत. उरलेले बीजकोशावर, पिशवीच्या तोंडाशी, जुन्या सिझेरियनच्या व्रणात, क्वचित पोटाच्या पोकळीत.

वाट खराब का होते? आधी झालेलं एक्टोपिक (असा पिशवीबाहेर रुजलेला गर्भ), नळीचं ऑपरेशन, ओटीपोटातला जंतुसंसर्ग (क्लॅमिडिया तर काही लक्षण न दाखवता नळी खराब करून जातो), एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं), सिगारेट, वाढतं वय. आपल्याकडे आणखी एक, जननमार्गाचा टीबी. पण साधारण निम्म्या बायकांमध्ये यातलं काहीच सापडत नाही. म्हणून "तुझ्यातच काहीतरी असेल" हे वाक्य घरातल्यांनी गिळून टाकावं.

सोनोग्राफी फार लवकर केली तर पिशवीतही काही नाही नि बाहेरही काही नाही, असं होतं. त्याचा अर्थ एक्टोपिकच असा नाही. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची थैली साधारण पाच आठवड्यांच्या आसपास दिसू लागते. तोवर ४८ तासांच्या अंतराने बीटा आणि पुन्हा सोनोग्राफी, हाच मार्ग. या मधल्या दिवसांत पेशंट वैतागतात, "नुसते पैसे काढतायत" म्हणतात. बाबांनो, घाई केली तर पिशवीतला चांगला गर्भही इंजेक्शनने जाईल.

उपचारांचं पुढच्या प्रतिसादात, लेबर रूमचा फोन आलाय.

पावशेर

मी पुरुष आहे, लिहावं की नाही असा विचार करत होतो. पण पहिल्या परिच्छेदातलं किट वाचून राहवलं नाही. आमच्याकडे ते किट मीच आणलं होतं.

धाकटी एक वर्षाची होती. बायको म्हणाली आत्ता नको, मीही म्हणालो नको. ओळखीचं मेडिकल, चिठ्ठी नाही, सोनोग्राफी नाही. पाच गोळ्या. तिने घेतल्या, रक्तस्राव झाला, दोघांनीही सुटलो म्हटलं.

बाराव्या दिवशी सकाळपासून तिचा उजवा खांदा दुखत होता. मुलगी कडेवर घेऊन अवघडला असेल म्हणून आईने बाम चोळला. पोटातही कळ होती, पण ती सारखी खांद्याचंच म्हणत होती. आडवी झाली की जास्त दुखायचं. दुपारी संडासला लागल्यासारखं वाटतंय म्हणून गेली आणि आत धप्पकन आवाज. कडी आतून होती. दार तोडलं. ओठ पांढरे, कपाळावर गार घाम.

१०८ ला फोन केला. तालुक्याला एकाने बघितलं, नाडी धरली आणि जिल्ह्याला पाठवलं. पोट उघडून ऑपरेशन, नळी फुटलेली, दीड लिटरच्या वर रक्त पोटात. तीन बाटल्या चढवल्या. माझा गट जुळत नव्हता, गावातली दोन पोरं मोटरसायकलवर रक्त द्यायला आली, रात्री दोन वाजता.

डॉक्टर मला रागावले नाहीत. फक्त विचारलं, "गोळ्या देण्याआधी गर्भ कुठे आहे ते बघितलं का?" तो प्रश्नच मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता. गर्भ आहे की नाही एवढंच मला ठाऊक.

स्टेथो_आणि_चहा

पावशेर, तुम्ही लिहिलंत ते माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त कामाचं आहे.

किटमध्ये एक गोळी मिफेप्रिस्टोन आणि चार मिसोप्रोस्टॉल. पहिली पिशवीच्या अस्तराचा आधार काढून घेते, बाकीच्या पिशवी आकुंचन पाववतात. दोन्हीचं काम पिशवीवर. नळीतल्या गर्भाला त्या हात लावत नाहीत. पण अस्तर गळून पडतं, म्हणून रक्त जातं आणि बाई समजते काम झालं. इकडे नळी ताणली जात राहते. म्हणूनच हे औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं.

आणि खांदा. पोटात सांडलेलं रक्त वर छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला लागतं. त्या पडद्याची नस मानेतून येते, तिथूनच खांद्याच्याही संवेदना जातात. मेंदू फसतो. आडवं झाल्यावर रक्त वर सरकतं म्हणून जास्त दुखतं. पाळी चुकलेल्या बाईचा खांद्याचा शेंडा कारणाशिवाय दुखत असेल, चक्कर येत असेल, शौचाची खोटी भावना होत असेल, तर बाम नाही, गाडी. वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल.

उपचार. बीटा कमी आहे आणि आपणहून उतरतोय, दुखत नाही, अशा काही जणींना नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. कातरवेळसारख्यांना इंजेक्शन. त्याआधी रक्तपेशी, लिव्हर, किडनी तपासतो. डोस उंची-वजनावरून काढलेल्या अंगाच्या क्षेत्रफळावर, चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम. बीटा ५००० च्या वर, ठोके दिसतायत, गाठ मोठी आहे, बाई अंगावर पाजतेय, किंवा पुन्हापुन्हा तपासणीला येणं शक्य नाही, तर इंजेक्शनच्या भानगडीत सहसा पडत नाही. शेवटचं कारण पुस्तकात एका ओळीत असतं, पण ज्या बाईचं गाव एसटीने तीन तास लांब आहे तिच्या बाबतीत सगळ्यात आधी तेच बघावं लागतं.

बाकीच्यांना ऑपरेशन, शक्यतो दुर्बिणीतून. एक तर नळी काढून टाकायची, नाही तर चीर देऊन गर्भ काढून नळी ठेवायची. सगळे नातेवाईक म्हणतात, "नळी वाचवा." २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या बऱ्याच हॉस्पिटलांची मिळून केलेली चाचणी आली. दुसरी नळी चांगली असलेल्या बायकांमध्ये नळी ठेवली तर पुढे नैसर्गिक गर्भधारणा ६०.७ टक्के, काढली तर ५६.२. फरक निर्णायक नाही. उलट नळी ठेवली तर गर्भाच्या पेशी मागे राहून पुन्हा उपचार लागण्याचं प्रमाण जास्त. म्हणून दुसरी नळी धड असेल तर मी काढण्याच्या बाजूचा. दुसरी खराब असेल तर मात्र विचार वेगळा.

आणि एक गंमत. उजवी नळी गेली म्हणून उजव्या बीजकोशाचं बीज वाया जातंच असं नाही. डावी नळी पलीकडून येऊन ते उचलू शकते.

रानजाई

माझ्या मावशीचं लिहिते. वय ४१, दोन मुलांनंतर कॅम्पात नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. पाळी चुकली तेव्हा ती म्हणाली, "आता जायचीच वेळ आली." पोटात दुखायला लागल्यावर टेस्ट करायला सांगितली, तर हसली. "माझं ऑपरेशन झालंय गं." नळीत होतं. ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस राहतात हेच आमच्या घरात कुणाला पटेना. काका तर दोन दिवस गप्प होते, कारण त्यांच्या मनात भलतंच काहीतरी आलं. हे मी मुद्दाम लिहितेय.

स्टेथो_आणि_चहा

मुद्दाम लिहिलंत ते फार बरं केलंत. नसबंदी क्वचित फसते, पण फसली की गर्भ नळीत असण्याची शक्यता बरीच. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत नसबंदीनंतर राहिलेल्या १४३ गर्भांपैकी ४७ गर्भाशयाबाहेर होते. तांबीचंही तसंच. तांबीमुळे मुळात दिवस राहणंच इतकं कमी होतं की एकूण धोका कमीच असतो. पण तांबी आत असताना टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर आधी गर्भ कुठे आहे ते बघा. काकांना हा प्रतिसाद दाखवा.

हळदीकुंकू_७७

आमच्याकडे म्हणतात की उष्ण पडल्याने गर्भ जागा सोडतो. पपई, खजूर, तीळ. शिवाय हल्ली पोरी स्कूटी दामटतात, खड्डे काय कमी आहेत का?

स्टेथो_आणि_चहा

खड्ड्यांबद्दल पूर्ण सहमत, पण महापालिकेवर हा एक गुन्हा लागू होत नाही. गर्भ आधी पिशवीत होता आणि मग घसरून नळीत गेला असं होत नाही, तो पिशवीत पोचलेलाच नसतो. पाळी चुकल्याचं कळतं तेव्हा तो रुजून आठवडा उलटलेला असतो. त्यानंतर खाल्लेली पपई त्याला हलवणार कशी?

टेम्सकाठची

इथे लंडनला माझं झालं तेव्हा अर्ली प्रेग्नन्सी युनिट नावाचा वेगळा विभागच होता, सकाळी गेलं की त्याच दिवशी सोनोग्राफी. बीटा १५०० च्या खाली असेल, दुखत नसेल नि गाठ लहान असेल तर आधी इंजेक्शन सुचवतात. १५०० ते ५००० मध्ये इंजेक्शन की ऑपरेशन ते बाईला विचारतात. मला विचारलं. मला ठरवताच येईना, मी आईला फोन लावला, तर आई म्हणाली, "मला काय विचारतेस, त्या डॉक्टरीणबाई म्हणतील तसं कर." डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, तुम्ही म्हणाल तसं. मी दुर्बीण निवडली, कारण दीड महिना आकड्यांकडे बघत बसण्याची माझ्यात ताकद नव्हती. कातरवेळ, तू ते केलंस.

जुनी_वही

जरा अवांतर. नळी फुटलेल्या बाईला ऑपरेशन करून वाचवण्याचं काम बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी १८८३ मध्ये पहिल्यांदा यशस्वी केलं. त्याआधी अशा बायका बहुतेक जायच्याच. आपल्याही घराण्यांच्या वंशावळीत "पोटदुखीने वारली" अशी एखादी पणजी असते, त्यातल्या काही याच असणार.

आणि मेथोट्रेक्झेटच्या मुळाशी आपला एक माणूस आहे. यल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म भीमावरमचा, १८९५. मद्रासला डॉक्टरी शिकले, मग अमेरिकेत हार्वर्डला गेले, पुढे तिथल्याच लेडरले औषध कंपनीत संशोधन. त्यांच्या गटाने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं आणि त्याचा रस्ता अडवणारी औषधंही बनवली. त्यातल्याच एकाने अमेरिकन डॉक्टर सिडनी फार्बर यांनी मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर पहिला उतार मिळवला, १९४८ साली. मेथोट्रेक्झेट त्याच घराण्यातलं. पेशींना फुटून वाढायला फॉलिक ॲसिड लागतं, हे औषध नेमकं तेच अडवतं. कातरवेळ, तुझी कचऱ्यात गेलेली बाटली आणि ते इंजेक्शन, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावरून आलेली.

कातरवेळ

जुनी_वही, हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो आता मेडिकलच्या काकांना सांगायला निघालाय.

निळीशाई

आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) तर गर्भ थेट पिशवीत सोडतात, मग एक्टोपिकची भीती कशाला, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. भीती असते. सोडलेला गर्भ दोनतीन दिवस तरंगतो आणि नळीत शिरू शकतो. ही पद्धत घडवणाऱ्या स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांना मिळालेली आयव्हीएफची अगदी पहिली गर्भधारणा, १९७६ मधली, एक्टोपिकच निघाली होती. पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राऊन, त्यानंतर दोन वर्षांनी. माझंही दुसऱ्या खेपेला तसंच झालं. एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता साधारण १० टक्के, म्हणजे ९० टक्के नाही, असं आमचे डॉक्टर उलटं करून सांगायचे. तिसऱ्या खेपेला मी सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीपर्यंत कुणाशी धड बोलले नाही. आता ती शेजारी झोपलीय, पाय माझ्या पोटावर.

स्टेथो_आणि_चहा

एक राहिलंच. पावशेर, तुमचा गट जुळला नाही म्हणालात. बायकोचा गट कोणता? निगेटिव्ह असेल तर त्या वेळी अँटी-डीचं इंजेक्शन (आईच्या रक्तात पुढच्या बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) दिलं होतं का? एक्टोपिकनंतरही ते लागतं, ७२ तासांच्या आत. गडबडीत राहून जातं कधीकधी, आणि पुढचं मूल हवं असेल तर त्याने फरक पडतो.

पावशेर

बी निगेटिव्ह. दिलं की नाही आठवत नाही, त्या रात्रीचं मला काहीच नीट आठवत नाही. डिस्चार्ज कार्ड शोधून सांगतो.

पावशेर

सापडलं. बायकोने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवसाची नोंद आहे, अँटी-डी ३००, वेळ सकाळी सव्वाअकरा. ती म्हणतेय, मला विचारायचं ना, मी शुद्धीवर होते.